वार बरी नाही

मुलांनो, डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका गच्चीवर चला. गाव यावल, सातपुड्याच्या पायथ्याचं. महिना चैत्राचा. काळ अजून यायचाय; तुम्ही मोठे होऊन आपापल्या मुलांची दप्तरं भरायला लागाल, त्या सुमाराचा. गाड्या बदलल्यात, फोन बदललेत, पण ऊन तेच आहे. सकाळचे साडेअकरा झालेत आणि फरशी अशी तापलीय, की अनवाणी पाऊल टेकवलं तर न शिकता नाचता येईल. जुन्या साडीवर ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे पापड, वाळत घातलेत. त्यांच्या पलीकडे, पाण्याच्या टाकीला टेकून, एक दहा वर्षांची मुलगी बसलीय. तिच्या दंडावर रुपयाएवढा एक चकचकीत बिल्ला चिकटवलाय. ती खेळत नाही, वाचत नाही, बिबड्यांवरचे कावळेही हाकलत नाही. ती ऊन खातेय. दुसऱ्याच्या वाटचं.

दिसली का? तिचं नाव शाल्मली भंगाळे. आणि ऊन होतं तिच्या आईच्या वाटचं.

शाल्मलीची आई श्रावणी तेव्हा आठव्या महिन्याची गरोदर होती आणि तिचा रक्तदाब वाढलेला होता. आता ही गोष्ट नीट कळायला हवी असेल, तर पोटातल्या बाळाचं जेवण कसं चालतं हे आधी समजून घ्या. घाई करू नका. घाई मोठी माणसं करतात, आणि मग काय होतं ते पुढे दिसेलच.

बाळाला पोटात तोंडाने जेवता येत नाही. त्याच्यासाठी आईच्या गर्भाशयाच्या भिंतीला एक जाडसर भाकरीसारखा अवयव उगवतो. त्याला वार म्हणतात. ती वार. एका बाजूने तिच्यापाशी आईचं रक्त येतं, दुसऱ्या बाजूने नाळेतून बाळाचं. दोन्ही रक्तं एकमेकांत मिसळत नाहीत, पण पातळ पडद्याआडून देवघेव चालते. अन्न इकडून तिकडे, प्राणवायू इकडून तिकडे, केरकचरा तिकडून इकडे. बाळ वाढतं तशी त्याची भूक वाढते. तेव्हा आईच्या ज्या बारीक रक्तवाहिन्या वारेला रक्त पुरवतात, त्यांना रुंद व्हावं लागतं. शेतातल्या चिंचोळ्या सारणीचा मोठा पाट व्हावा तसं. काही बायकांत त्या रुंद होत नाहीत. मग रक्त पुरेसं पोचत नाही, वार उपाशी राहते, आणि आईचा रक्तदाब चढतो. तो फार चढला तर आईला झटके येतात आणि बाळ आतल्या आत सुकतं.

पाटाच्या पाण्यावर एक पाटकरी असतो, बरोबर? कुणाच्या वाफ्याला किती पाणी ते तो बघतो. वारेवर असे बरेच पाटकरी असतात. त्यातला एक म्हणजे ड जीवनसत्त्व. तो एकटा सगळं सांभाळतो असं नाही, आणि तो आला की रक्तदाब पळाला असंही नाही. असं सांगणारा भेटला तर त्याच्याकडून काही विकत घेऊ नका. पण तो नसला की वाहिन्या रुंद होण्याच्या कामात खोळंबा होतो, हे डॉक्टरांच्या ध्यानात आलं होतं. आणि हा पाटकरी फुकट मिळतो. उघड्या कातडीवर ऊन पडलं, की कातडीच तो बनवते.

आता तुम्ही म्हणाल, यावलमध्ये उन्हाला काय तोटा? तोटा नव्हताच. चव्वेचाळीस अंश ऊन रोज गावावर ओतलं जात होतं, आणि त्याच गावातल्या गरोदर बायकांच्या रक्तात ड जीवनसत्त्व औषधालाही सापडत नव्हतं. कमी होती ती अक्कल. पोटुशी बाई उन्हात गेली की बाळ काळं होतं, असं तिथल्या शहाण्यासुरत्या, पदवीधर, हातात तीन-तीन पडद्यांचे फोन बाळगणाऱ्या लोकांचं ठाम मत होतं. बाळाचा रंग आईबापांकडून येतो, उन्हाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, हे सातवीच्या पुस्तकात चित्रासकट छापलेलं होतं. पण सातवी पास झाल्यावर पुस्तक रद्दीत घालायचं असतं ना.

म्हणून मग ‘सूर्यसखी’ नावाच्या एका संस्थेने प्रत्येक गरोदर बाईला दोन वस्तू दिल्या. एक ऊनबिल्ला, दंडाला चिकटवायचा, कातडीवर रोज किती ऊन पडलं ते तो मोजायचा. दुसरा वारपट्टा, पोटावर बांधायचा. त्यातून माणसाला ऐकू न येणारा बारीक आवाज आत जायचा, आणि वाहत्या रक्तावरून परत फिरलेल्या आवाजावरून वारेत रक्त कसं वाहतंय ते पट्ट्याला कळायचं. बिल्ला आणि पट्टा एकमेकांशी बोलायचे. ऊन पुरेसं पडलं तर बिल्ला ड जीवनसत्त्वाचे थेंब कमी करायला सांगायचा, कारण हेही जीवनसत्त्व फार झालं तर बाधतं. आणि पट्टा घरच्यांशी बोलायचा, चक्क मराठीत; बटण दाबून ठेवलं तर त्यांचं ऐकायचाही.

योजना चांगली होती. चांगल्या योजनेची माती करायला फार कष्ट लागत नाहीत. एक स्पर्धा पुरते. ज्या गल्लीतल्या बायका सर्वांत जास्त ऊन घेतील त्या गल्लीला ‘सूर्यकन्या गल्ली’ अशी पाटी, आणि प्रत्येकीला एक पैठणी रंगाची साडी. पैठणी नव्हे, पैठणी रंगाची.

कुंदाबाई भंगाळे, म्हणजे शाल्मलीची आजी, यांना साडीही हवी होती आणि गोरं नातवंडही. या दोन्हींतलं काही सोडावं लागेल असं त्यांना एक क्षणही वाटलं नाही. पहिल्या दिवशी त्यांनी बिल्ला बिबड्यांच्या साडीवर ठेवून पाहिला. बिल्ला किंचाळला, कारण त्याला जिवंत, उबदार, नाडी चालणारी कातडी लागत होती. कुंदाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. शाळा सकाळची होती. शाल्मली नुकतीच घरी आली होती.

“ये गं शालू,” त्या म्हणाल्या, “तू तशीही काळीच. तुला ऊन काय करणार?”

हे त्या अगदी प्रेमाने म्हणाल्या. तीच तर त्यातली किळसवाणी गोष्ट. शाल्मलीचा रंग सावळा होता. तिच्या वेळी श्रावणी सातव्या महिन्यापर्यंत केळीच्या बागेत जाऊन हिशेब बघायची, म्हणून पोर अशी झाली, हे घरात पाणी प्यायल्यासारखं बोललं जायचं. शाल्मलीने ते इतक्यांदा ऐकलं होतं, की आपल्या रंगाबद्दल आईने कधीतरी आपली माफी मागावी असंही तिला वाटून गेलं होतं. दहा वर्षांच्या पोरीच्या डोक्यात असला विचार कुणी पेरला, ते तुम्हीच ठरवा.

बिल्ला दंडावर बसला. मग कुंदाबाईंनी तिला देवासमोर नेलं आणि शपथ घातली. “आईची शपथ. हे कुणाला सांगितलंस तर आईचं बरंवाईट होईल.”

तुम्हाला शपथेचा नियम माहीत आहे. ज्याने घातली त्यानेच ‘सुटली’ म्हणावं लागतं, तोवर ती सुटत नाही. शाल्मलीलाही माहीत होता. म्हणून पुढचे दोन महिने ती रोज पाऊण तास गच्चीवर बसली आणि ऊन आईच्या नावावर जमा होत गेलं. सुरुवातीला तिला आपण मोठं काम करतोय असंही वाटायचं. एक्केचाळीस मिनिटं. त्रेचाळीस मिनिटं. खालच्या खोलीत श्रावणी पडदे ओढून बसलेली असायची. तिने एकदा वर यायचं म्हणून पाहिलं होतं, तेव्हा कुंदाबाईंनी चार दिवस अबोला धरला आणि चेतनने, म्हणजे शाल्मलीच्या पप्पांनी, “आईचं मन कशाला मोडायचं?” एवढंच विचारलं. या चेतनरावांचं केळी पिकवण्याचं शीतगृह होतं सावद्याला. तिथे केळ्यांचं तापमान अर्ध्या अंशाने चढलं तरी त्यांचा फोन वाजायचा आणि ते ताटावरून उठायचे. केळ्यांचा रंग बिघडू नये म्हणून. घरातल्या यंत्राची बोंब त्यांच्या कानापर्यंत कधी पोचली नाही.

बिल्ल्याने ऊन मोजलं, छान छान म्हटलं आणि श्रावणीचे थेंब आधी निम्मे केले, मग बंद केले. उन्हानेही नाही, थेंबांनीही नाही. पाटकरी दोन्ही वाटांनी गेला.

शाल्मलीच्या लक्षात काही गोष्टी येत होत्या. आईच्या पायांवर पैंजणाची खूण उठायची आणि जायचीच नाही. तिची अंगठी निघेना. मग एक दिवस, शनिवार होता, शाल्मली गच्चीवरून खाली आली तर आई डोकं धरून भिंतीशी बसलेली. डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, म्हणाली, आणि वर पोटात बरगडीखाली दुखतंय. गोळी घेतलीस का, म्हणून शाल्मलीने विचारलं. घेतली होती. रक्तदाबाच्या गोळ्या ती एकही चुकवत नसे.

तेवढ्यात तिच्या पोटावरचा पट्टा बोलला. बातम्या देणाऱ्या बाईसारखा शांत, नीटनेटका आवाज.

“वार बरी नाही. तपासणीला यावं.”

आता इथे जरा थांबा, कारण सगळी गंमत, आणि सगळा लाजिरवाणेपणा, या एका वाक्यात आहे. पट्ट्याकडे दोन वाक्यं होती. एक कडक: आत्ताच निघा, गाडी पाठवली आहे. एक मवाळ, ते हे. पट्ट्याला वारेतलं रक्त कमी झालेलं कळत होतं. पण बिल्ला म्हणत होता, बाईला दोन महिने भरपूर ऊन मिळालंय. मग पट्ट्याने हिशेब केला, की इतकी जपणारी बाई आहे, बहुधा पट्टाच थोडा सरकला असेल. तेव्हा घाबरवू नये, सौम्य सांगावं. यंत्राला खोटं सांगितलं की ते खोट्यावरच मोठ्या प्रामाणिकपणे विचार करतं.

कुंदाबाईंनी वाक्य ऐकलं. त्यांच्या घरात वारेला कुणी वार म्हणत नसे. डॉक्टर प्लॅसेंटा म्हणायचे, म्हणून त्याही प्लॅसेंटा म्हणायच्या, अर्धवट का होईना. वार म्हटलं की त्यांना सोमवार-मंगळवारच आठवायचा. त्यांनी फोनवर पंचांग उघडलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

“बघा,” त्या म्हणाल्या, “मशीनलासुद्धा कळतं. शनिवार, त्यात अमावास्या. वार बरा नाही. सोमवारी जाऊ तपासणीला.”

श्रावणीने क्षीण आवाजात चेतनला फोन लावायला सांगितलं. चेतनने ऐकून घेतलं, मागे केळ्यांचे पंखे घरघरत होते, आणि विचारलं, आई काय म्हणतेय? आई सोमवार म्हणतेय हे कळल्यावर त्याला बरंच वाटलं असावं. निर्णय झालेला आयता मिळाला.

शाल्मली मात्र अडली. शाळेत तिला लिंगाच्या चुकांसाठी नेहमी गुण कापले जायचे आणि बाई वहीवर लाल गोल करायच्या: तो, ती, ते. तिने पट्ट्याचं बटण पुन्हा दाबलं.

“वार बरी नाही. तपासणीला यावं.”

“आजी,” ती म्हणाली, “शनिवार बरी असतो का?”

“काय?”

“ती बरी म्हणतेय. बरा नाही म्हणत.”

कुंदाबाई म्हणाल्या, की मशीन पुण्याचं आहे, त्यांचं काय, ते काहीही बोलतात. शाल्मलीने ते ऐकलंही नाही. तिला बोंडेबाबांचा गोठा आठवत होता. बोंडेबाबा शेजारचे, त्यांची म्हैस गेल्या दिवाळीत व्यायली. रेडकू उभं राहिलं, सगळे टाळ्या वाजवायला लागले, आणि बाबा मात्र बादली घेऊन म्हशीमागेच बसून राहिले. वार पडली का, वार पडली का, म्हणून त्यांच्या बायकोने तीनदा विचारलं. शाल्मलीने कोणता वार असं विचारल्यावर बाबा हसले होते. कोणता नव्हे, कोणती, ते म्हणाले होते. ही वार रेडकाला आतमध्ये जेवू घालते, आणि ही बिघडली तर म्हैसही जाते आणि रेडकूही.

म्हैसही जाते आणि रेडकूही.

म्हशीची काळजी घेणाऱ्या, सही करण्यापुरतं शिकलेल्या माणसाला जे माहीत होतं, ते चार खोल्यांच्या, गारेगार, पदवीधर घराला माहीत नव्हतं. शाल्मलीने आजीला ते सांगून पाहिलं. आजी म्हणाल्या, सुनेला म्हशीची उपमा देतेस, शोभतं का तुला?

आई आता उत्तरं देईनाशी झाली होती. तिची नजर शाल्मलीच्या खांद्यावरून कुठेतरी मागे लागली होती. शाल्मलीने दंडावरचा बिल्ला पाहिला. त्यावर हिरवा दिवा लुकलुकत होता: आज त्रेचाळीस मिनिटं, शाबास श्रावणीताई. कडक वाक्य का आलं नाही, ते तिला तेव्हा कळलं. तडवी सिस्टरांनी, पट्टा बांधायला आलेल्या नर्सबाईंनी, सांगितलं होतं की पट्ट्याकडे एक कडक वाक्यही आहे, आणि बिल्ला आणि पट्टा एकमेकांशी बोलतात. बिल्ला दोन महिने खोटं बोलत होता. आणि बिल्ल्याचं तोंड ती होती.

“आजी, शपथ सुटली म्हण.”

कुंदाबाईंच्या ध्यानात आलं. “गप बस,” त्या हळूच म्हणाल्या. “साऱ्या गल्लीत शोभा करशील.”

“सुटली म्हण ना, आजी.”

“नाही म्हणत.”

मुलांनो, तुम्ही काय केलं असतं ते मला सांगू नका, मनात ठेवा. शाल्मलीला खरंच वाटत होतं, की शपथ मोडली तर आई मरेल. आणि समोर दिसत होतं, की नाही मोडली तरी मरेल. एक भीती आजीने दिलेली होती, दुसरी डोळ्यांनी पाहिलेली. तिने थोडा वेळ दोन्ही तोलल्या. फार नाही, तीन-चार श्वास. मग दंडावरचा बिल्ला ओरबाडून काढला, आईजवळ गुडघे टेकले आणि पट्ट्याच्या बटणावर बोट दाबून ठेवून म्हणाली,

“ऊन आईचं नाही. माझं आहे. सगळं माझं आहे. आई एक दिवस पण उन्हात गेली नाही.”

मग त्याच शांत आवाजात पट्टा म्हणाला,

“वार धोक्यात आहे. आत्ताच निघा. गाडी पाठवली आहे.”

गाडी अकरा मिनिटांत आली. तडवी सिस्टर उतरल्या, त्यांनी रक्तदाब पाहिला आणि आकडा मोठ्याने वाचला नाही. कुंदाबाई अमावास्येचं काहीतरी पुटपुटत होत्या. सिस्टर स्ट्रेचरचा पट्टा आवळत त्यांना एवढंच म्हणाल्या, की आजी, अमावास्येला मुसलमान बाईच्या गाडीत बसायचं नसेल तर तुम्ही घरी थांबा, सुनेला मी नेते.

झटके थांबवणारं इंजेक्शन गाडीतच दिलं. तासाभरात पोट उघडून बाळ बाहेर काढलं. मुलगी. वजन पावणेदोन किलो, आवाज मात्र तीन किलोंचा. आई शुद्धीवर यायला दुसरा दिवस उजाडला, पण आली.

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी शाल्मलीला आत बोलावून पडद्यावर वारेचं छायाचित्र दाखवलं. झाडाच्या फांद्यांसारख्या वाहिन्या सगळीकडे पसरलेल्या, आणि मध्ये मध्ये पांढरे, मेलेले डाग, वाळलेल्या वाफ्यांसारखे. शाल्मलीने विचारलं, आई उन्हात गेली असती तर हे झालं नसतं का? बाईंनी लगेच हो म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, रक्तदाबाची कारणं पुष्कळ आहेत, नुसत्या उन्हाने सगळं टळलं असतं असं मी तुला सांगणार नाही. पण आम्हाला पंधरा दिवस आधी कळलं असतं. खोट्या उन्हाने आमचे डोळे दिपले.

तेवढ्यात सावद्याहून येऊन पोचलेल्या पप्पांना फोन आला, त्यांनी तो स्पीकरवर घेतला. कुंदाबाईंचा. बाळ कसं आहे हे त्यांनी विचारलं नाही, श्रावणी कशी आहे हेही नाही. बाळ कुणावर गेलंय, त्यांनी विचारलं, आणि कुणावर म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. काचेच्या उबदार पेटीतल्या बाळाकडे शाल्मलीने पाहिलं. दोन महिने पडदे ओढून, थेंब बंद करून, आईचा जीव पणाला लावून तयार केलेलं बाळ. अगदी तिच्यासारखं सावळं.

“माझ्यावर,” ती म्हणाली.

आठवड्याने ती पप्पांबरोबर घरी आली. वाटेत एकदा चेतनरावांचा केळ्यांचा फोन वाजला आणि तो त्यांनी घेतला नाही, एवढंच. गल्लीच्या तोंडाशी मांडव घातला होता. पाटी आली होती: सूर्यकन्या गल्ली, तालुक्यात पहिली. बोर्डावर आलेख रंगवलेला, सात गरोदर बायका, रोज प्रत्येकी चाळीस ते पंचेचाळीस मिनिटं ऊन. संस्थेचे कुणी साहेब भाषण करत होते, की ही क्रांती आहे. समोर सावलीत खुर्च्यांवर सातपैकी सहा बायका बसल्या होत्या, डोक्यावर पदर, हातांवर पूर्ण बाह्या, तोंडं पिठासारखी. एकीचाही बिल्ला कुठे दिसत नव्हता. हे साहेबांना दिसत नव्हतं असं नाही. त्यांना आलेख दिसत होता.

शाल्मलीने चपला काढल्या नाहीत. ती मांडवाकडे गेली नाही, घरातही गेली नाही. जिन्याने सरळ गच्चीवर गेली. तिथून गल्लीतल्या सगळ्या गच्च्या आणि सगळी अंगणं दिसतात. भर दुपारी एका गच्चीवर फिरकेंचा धाकटा मुलगा दंड पुढे करून पेंगत होता. पलीकडे दोन बहिणी आळीपाळीने बसल्या होत्या. एका अंगणात शेळी बांधलेली, आणि शेळीच्या भादरलेल्या कानावर हिरवा दिवा लुकलुकत होता.

ती एकेका गच्चीवर चढली, एकेका अंगणात उतरली. मुलांना म्हणाली, उठा, घरी जा. शेळीला थोपटून तिच्या कानावरचा बिल्ला अलगद सोडवला. सहा बिल्ले ओंजळीत घेऊन ती मांडवात शिरली तेव्हा साहेबांचं भाषण चालूच होतं. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. पहिल्या खुर्चीशी गेली, बसलेल्या बाईच्या हातावरची बाही कोपराच्या वर सारली, आणि बिल्ला तिच्या तळव्यावर ठेवला.

“काकू,” ती म्हणाली, “तुमचं ऊन. शेळीकडे राहिलं होतं.”

आणि दुसऱ्या खुर्चीकडे वळली.